टाकी भरलेली होती

बोईसर, जि. ठाणे
३० ऑगस्ट १९६४

ती. मिलकाआत्यास,

दानियलचा शालोम. येत्या ७ तारखेला, सोमवारी, आपलं नवं वर्ष लागतंय. सालाबादप्रमाणे, गेल्या वर्षात कळत-नकळत माझ्या हातून तुझं काही चुकलं असल्यास मोठ्या मनाने क्षमा करावी. पावसाळ्यामुळे भातगिरणी बंद आहे, इंजिनाची साफसफाई चालू आहे. तब्येत ठीक.

तुझा,
दानियल

•

रेवदंडा
३ सप्टेंबर १९६४

चि. दानियल यास आत्याचे अनेक आशीर्वाद.

तुझं कार्ड पोचलं. गेल्या वर्षीचं आणि त्याच्या आदल्या वर्षीचंही माझ्याकडे आहे. आज तिन्ही शेजारी शेजारी मांडून बघितली. शब्दही तेच, 'मोठ्या मनाने'ही तेच. फक्त तारीख तेवढी बदललीस. अरे, माफी काय रेशनची साखर आहे, कार्ड दाखवलं की पदरात पडली?

तुझे आजोबा चाळीस वर्षं इथल्या सिनेगॉगात हझान होते, सगळ्यांच्या पुढे उभे राहून प्रार्थना चालवायचे. नव्या वर्षापासून दारफाळणीच्या उपासापर्यंतच्या दहा दिवसांत कोणी त्यांच्याकडे येऊन 'काही चुकलं असल्यास' म्हणालं, की ते म्हणायचे, 'चुकलं असल्यास? तुला ठाऊक नाही? मग घरी जा, आठव आणि ये.' चुकीचं नाव घेऊन मागायची, त्याशिवाय ते माफीचा हात डोक्यावर ठेवत नसत.

तर मीच नाव घेते. तुझ्या काकाच्या वर्षश्राद्धाला तू आला नाहीस. आपल्या प्रार्थनेला दहा पुरुष लागतात, निम्मा गाव इस्राएलला गेला, नऊच जमले आणि त्याच्या नावाची प्रार्थना झाली नाही. मी ओटीवर बसून रडले. आता हे नाव घेऊन माग, मी लगेच देते.

आणि अजून कोणाचं काही असेल तर उपासाच्या आत बघ. देवाच्या बाबतीत चुकलं तर उपासाने भागतं. माणसाच्या बाबतीत चुकलं तर त्या माणसाकडेच जावं लागतं, देव त्यात पडत नाही.

तुझी,
मिलकाआत्या

•

बोईसर
१० सप्टेंबर १९६४

ती. आत्यास,

काकाच्या प्रार्थनेला मी आलो नाही. सुटी मिळाली नाही असं तेव्हा कळवलं होतं, ते खोटं होतं. मी मागितलीच नव्हती. माफ कर.

तू 'अजून कोणाचं' असं लिहिलंस, आणि चार दिवस मला जेवण गोड लागत नाही. एक आहे.

आमच्या गिरणीत जिवल्या नावाचा एक वारली माणूस होता. इंजिन थंड राहावं म्हणून बाजूला पाण्याची टाकी असते, ती भरायचं त्याचं काम. रोज सकाळी विहिरीवरून साठ-सत्तर खेपा. मुकाट माणूस, पण इंजिन चालू झालं की स्वतःशी हसायचा. मला 'दानेलदादा' म्हणायचा. जानेवारीत एका शुक्रवारी इंजिन तापून जाम झालं. शेठ आले. टाकीत पाणी नव्हतं. शेठनी पायातली वहाण काढून जिवल्याला सगळ्यांसमोर मारलं, आणि त्याला व त्याच्या पाड्यावरच्या सहाही माणसांना गिरणीतून हाकलून दिलं. म्हणाले, ह्या लोकांना कामाची चाड नाही, हा दिवसभर ताडी पिऊन पडला असणार. जिवल्या दारू पीत नाही. ते मला माहीत होतं आणि मी गप्प राहिलो. बोलायला हवं होतं.

एवढंच आहे. उपास नीट करीन.

तुझा,
दानियल

•

रेवदंडा
१७ सप्टेंबर १९६४

चि. दानियल यास आशीर्वाद.

तुझं पत्र दारफाळणीच्या आदल्या दिवशी आलं. काल दिवसभर उपासात ते माझ्या पदराला बांधलेलं होतं. पुरुष छातीवर मुठी मारत पापांची यादी म्हणत होते, आणि गप्प राहून केलेल्या पापाची ओळ आली तेव्हा मी तुझ्यासाठीही एक मूठ मारली.

पण माझी मूठ तुझ्या कामाची नाही. त्या जिवल्याकडे जा. तू मार खाल्ला नाहीस, त्याने खाल्ला. जाताना हात हलवत जाऊ नकोस, गूळ-खोबरं तरी ने. 'मी गप्प राहिलो, मला लाज वाटते' एवढं म्हण. फार भाषण करू नकोस, तुला भाषण जमत नाही.

आज आपला शिळा सण, कालच्या उपासानंतर शेजारपाजाऱ्यांना वाटायचा. करंज्या केल्यात. तू असतास तर चार खाल्ल्या असत्यास.

तुझी,
आत्या

•

बोईसर
११ ऑक्टोबर १९६४

ती. आत्यास,

गेलो. तीन रविवार 'पाऊस आहे' म्हणून टाळले, आज गेलो. पाडा बोईसरच्या पूर्वेला डोंगराच्या पायथ्याशी, दोन तास चालत. नागली कापणीला आली होती. कुडाचं घर. बाहेर त्याची बायको नवसी भात पाखडत होती. मी विचारलं, जिवल्या आहे का. तिने सूप खाली ठेवलं नाही. म्हणाली, "नाय. घरात नाय." कुडाच्या खालच्या फटीतून मला त्याचे पाय दिसत होते. उजव्या पायाच्या अंगठ्याला नख नाही, ते मी ओळखतो. मी गुळाचा पुडा ओट्यावर ठेवला. मी चार पावलं गेलो तर मागून पुडा येऊन माझ्या पायाशी पडला.

आत्या, मी तुला खरं लिहिलं नाही. मी गप्प राहिलो नव्हतो. शेठनी मला विचारलं, "दानियल, टाकीत पाणी होतं का?" जिवल्या माझ्याकडे बघून म्हणाला, "दानेलदादा, तुमी बघलं ना, मी पानी भरलं." आणि मी म्हटलं, टाकी रिकामी होती.

टाकी भरलेली होती. टाकीपासून इंजिनाकडे जाणाऱ्या नळाची तोटी उघडायचं काम माझं. दुपारी इंजिन पुन्हा चालू करताना मी ती उघडायला विसरलो, कारण शुक्रवार होता आणि सूर्य बुडायच्या आत काम संपवून शनिवारच्या शब्बाथचा दिवा लावायची मला घाई होती. शेठ माझ्या शनिवारच्या सुटीवर आधीच धुसफुसत होते. ह्या शनिवारापायी इंजिन गेलं असं कळलं असतं तर ती सुटी गेली असती. म्हणून बोललो. त्या संध्याकाळी मी दिवा लावला आणि आशीर्वादही म्हटला. तो म्हणताना माझी जीभ अडखळली नाही, ह्याचीच मला आता सगळ्यात जास्त लाज वाटते.

तुझा,
दानियल

•

रेवदंडा
१६ ऑक्टोबर १९६४

दानियल,

आज आशीर्वाद लिहीत नाही.

शब्बाथ वाचवायला खोटं बोललास! गावोगाव आपल्याला शनिवार-तेली म्हणून ओळखायचे, का? तर ह्यांचा घाणा शनिवारी फिरत नाही, आणि ह्यांच्या तेलात भेसळ नसते. दोन्ही गोष्टी मिळून ते नाव होतं. तू अर्धंच ठेवलंस. तुझ्या आजोबांनी हे ऐकलं असतं तर त्यांनी तुला घरात घेतला नसता, आणि मी पदर डोळ्याला लावून दाराआडून तुला भाकरी दिली असती. मी तसलीच आहे.

ओरडून झालं. आता नीट वाच. बाबा सांगायचे, माणूस पहिल्यांदा माफ करत नसेल तर दुसऱ्यांदा तीन माणसं सोबत घेऊन जायचं आणि त्यांच्यासमोर मागायची. तरी नाही म्हणाला तर आणखी एकदा. तीनदा मागून त्याने दिली नाही, तर मागणारा सुटला. मग ओझं न देणाऱ्यावर. असा आपला कायदा आहे. तर तिकडची तीन बरी माणसं बघ आणि जा. आपली माणसं तिकडे नाहीत ते मला ठाऊक आहे. कोणीही चालतील, भली असली म्हणजे झालं.

तुझी,
आत्या

•

बोईसर
९ नोव्हेंबर १९६४

ती. आत्यास,

आत्या, फार वाईट झालं.

दिवाळीनंतरच्या सुटीत, काल, मी तिघांना घेऊन गेलो. गिरणीचा मेहता दामू, शाळेचा आनंदा मास्तर, आणि चंद्रभान म्हणून खानदेशचा एक माणूस. तारापूरला अणूची वीज काढणार आहेत ना, त्या जागेवर तो पहारेकरी आहे. बरी माणसं. एका जागी थोडं बोलायचं आहे, सोबत या, एवढंच मी त्यांना सांगितलं होतं. कशासाठी ते सांगितलं नव्हतं. तिथे गेल्यावर सगळ्यांसमोर एकदमच बोलू असं ठरवलं होतं. खरं तर आधी सांगायची हिंमत नव्हती.

चंद्रभान थंडी म्हणून कामावरचा खाकी कोट घालून आला. दामूच्या काखेत सवयीने वही. आनंदा मास्तरच्या हातात छत्री. असे आम्ही चौघे पँट-धोतरवाले शेताच्या बांधावरून पाड्यात शिरलो. पहिलं पोर ओरडलं, मग कुत्री, मग बघता बघता पाडा रिकामा. बायका पोरं उचलून रानात. जिवल्याला मी पाठमोरा बघितला. कोयता टाकून तो डोंगर चढत होता, आणि मी खालून ओरडत होतो, "जिवल्या, थांब, मी आहे!" मी आहे म्हटल्यावर तो जास्तच जोरात पळाला.

एक म्हातारी तेवढी हलली नाही. तिला पळता येत नव्हतं. ती हात जोडून चंद्रभानला म्हणाली, "आमी काय नाय चोरलं, रावसाहेब."

चंद्रभानने तिथल्या तिथे कोट काढून घडी करून काखेत मारला.  परत आल्यावर दामूच्या तोंडून ही गोष्ट गिरणीत गेलीच. शेठ हसले आणि म्हणाले, "चोराच्या मनात चांदणं! गुन्हा नव्हता तर पळाला कशाला?" सगळ्यांनी माना डोलावल्या. मी तिथेच, इंजिनाला तेल घालत. आज तर माझ्या एका शब्दाचीही गरज पडली नाही.

आज कळलं, जिवल्या घर बंद करून बायकोसकट कुठेतरी निघून गेला. कापणी अर्धी उभी आहे.

दानियल

•

रेवदंडा
२० डिसेंबर १९६४

चि. दानियल यास आशीर्वाद.

पत्राला उशीर झाला. हात दुखत होता.

झालं ते झालं. दोनदा गेलास, तुझ्या बाजूने कसूर नाही. माणूसच सापडत नाही त्याला तू काय करणार? आता हा विषय मनातून काढ.

एक चांगली बातमी. पेणच्या हसकेलची दीना, तू तिला लहानपणी पाहिलीस, तिच्यासाठी विचारणा आली आहे. हसकेलला सगळ्यात काय आवडलं सांगू? परमुलखात, एकटा असून, पोराने शनिवार सोडलेला नाही. मी म्हटलं, आमच्या घरचं वळणच तसं. मुलगी गुणाची आहे, शिवणकाम करते. मार्चमध्ये साखरपुडा करावा म्हणतात. एक फोटो पाठव, इंजिनाशेजारचा नको.

तुझी,
आत्या

•

बोईसर
१४ फेब्रुवारी १९६५

ती. आत्यास,

फोटो पाठवला नाही, रागावू नकोस. हसकेलकाकांना शनिवारचं आवडलं हे वाचून मला घाम फुटला.

परवा बाजारात नवसी दिसली, डोक्यावर लाकडाची मोळी. मी मागे मागे गेलो. ती थांबेना. शेवटी मी तिच्या वाटेत उभा राहिलो आणि म्हटलं, "बाई, मी खोटं बोललो होतो. मला त्याची माफी हवी आहे."

तिने मोळी उतरवली नाही. म्हणाली, "तुला माफी पायजे. त्याला काय पायजे, ते इचारलंस?"

मी म्हटलं, काय हवंय त्याला?

"तिकडं तारापूरच्या रस्त्यावर खडी फोडतो तो. जिवल्या म्हणून नाव सांगितलं की मुकादम म्हणं, तू तो गिरणीवाला, चल निघ. आता चिंतू म्हणून नाव सांगतो. चिंतू माझा भाव, मेलेला. मेलेल्याचं नाव लावून काम करतो." मग म्हणाली, "आमच्या पाड्यात येऊन काय बोलतोस? आमाला म्हायती हाय टाकी भरली होती. जिथं बोललास तिथं बोल."

आत्या, मी दोनदा चार मैल चालून गेलो, आणि गिरणी माझ्या खोलीपासून पन्नास पावलांवर आहे.

येत्या शुक्रवारी, १९ तारखेला, बोलणार आहे. गाड्यांची गर्दी असते तेव्हा. अजून एक गोष्ट आहे, ती तुला लिहिलेली नाही. तीही तिथेच बोलेन.

तुझा,
दानियल

•

रेवदंडा
१८ फेब्रुवारी १९६५

दानियल,

घाईने लिहिते, टपाल जायच्या आत. थांब. एवढं माझं ऐक. बोलू नको म्हणत नाही, पण साखरपुडा होऊ दे. मग शेठला एकटा गाठून, शांतपणे, घरच्या घरी सांग. गर्दीत कशाला? नोकरी गेली, शनिवार गेला, तर हसकेल काय म्हणेल? वर्ष झालं त्या गोष्टीला, महिनाभराने काय बिघडतं?

आत्या

•

बोईसर
२३ फेब्रुवारी १९६५

ती. आत्यास,

तुझं पत्र काल, सोमवारी मिळालं. मी शुक्रवारी बोलून बसलो होतो.

आदल्या दिवशी मिळालं असतं तर? मी थांबलो असतो. खोटं कशाला बोलू, आनंदाने थांबलो असतो. तेव्हा टपालखात्याचे उपकार.

चार वाजता आठ-दहा गाड्या भात घेऊन उभ्या होत्या. शेठ गादीवर, दामू काट्यापाशी, आणि जिवल्याच्या जागी आलेला सुका टाकीत पाणी ओतत होता. मी इंजिन बंद केलं. गिरणीत एकदम इतकं शांत झालं की सगळ्यांनी वर बघितलं. मग माझी जीभ टाळ्याला चिकटली. शेठ म्हणाले, "काय झालं रे?"

मी म्हटलं, "गेल्या वर्षी इंजिन जाम झालं, तेव्हा टाकी भरलेली होती. जिवल्याने भरली होती. तोटी उघडायला मी विसरलो."

शेठ म्हणाले, "पण टाकी रिकामी होती, मी माझ्या डोळ्यांनी बघितली."

"तुम्ही यायच्या आत मी खालची तोटी सोडून ती रिकामी केली होती."

आत्या, हीच ती गोष्ट. तुला पहिल्यांदा लिहिलं, गप्प राहिलो. मग लिहिलं, खोटं बोललो. खरं हे आहे की पाणी गटारात जात होतं आणि मी बघत उभा होतो, आणि जिवल्या पलीकडे भुसा भरत होता. ते घाबरून बोललेलं खोटं नव्हतं. हाताने केलेलं होतं. पाणी संपायला पुष्कळ वेळ लागला, तेवढ्या वेळात मला केव्हाही तोटी बंद करता आली असती.

 मला वाटलं, आता कोणीतरी थुंकेल तरी. तेवढ्यात मुरब्याचा एक गाडीवाला म्हणाला, "ते समदं खरं, पन आमचं भात कवा कांडून देनार?" दोन-तीन जण हसले. मी वर्षभर ज्याला घाबरलो ते असं होतं.

शेठ मात्र हसले नाहीत. ते लाल झाले होते, आणि मला वाटतं त्यांनाही ती वहाण आठवली. पण शेवटी माझ्यावरच ओरडले. "तुझ्या शनिवारापायी माझं इंजिन गेलं काय! उद्यापासून शनिवार-बिनिवार काही नाही. उद्या सहाला हजर व्हायचं." मी म्हटलं, उद्या येणार नाही. "मग कधीच येऊ नको." मी किल्ल्या गादीवर ठेवल्या. राहिलेलं भात दामूने दुसऱ्या दिवशी कुणाला तरी आणून कांडलं म्हणे.

सुका तेवढा बादल्या ओतत राहिला. पण तोही त्याच पट्ट्यातला. त्याच संध्याकाळी तो तारापूरच्या रस्त्यावर खडीवाल्यांकडे चालत गेला, असं नंतर कळलं.

पेणला तूच कळव. काहीही लपवू नकोस.

तुझा,
दानियल

•

रेवदंडा
४ एप्रिल १९६५

चि. दानियल यास आशीर्वाद.

हसकेलने नाही म्हणून कळवलं. कारण दिलं नाही. दीनाला पुण्याचं स्थळ आलंय.

दीड महिना मी पेन हातात घेत नव्हते. हात दुखत नव्हता. डिसेंबरातही दुखत नव्हता. तेव्हा त्या म्हातारीने हात जोडल्याचं वाचून मला स्वयंपाकघरात तोंड लपवावंसं वाटलं होतं. तीन माणसं घेऊन जा असं मी सांगितलं. कुठे जायचंय, कोणाच्या दारात जायचंय, हे विचारलं नाही. आपल्या गावात तीन माणसं दारात आली तर आपण पाट मांडतो. तिथे तीन माणसं आली तर लोक रानात पळतात, हे माझ्या मनातही आलं नाही.

आणि मग मी तुला थांब म्हणाले. चुकीचं नाव घेऊन मागायची असते असं मीच तुला शिकवलं, तर घे नाव. मला दीनाची काळजी नव्हती. माझी तिन्ही मुलं इस्राएलला गेली. तू पेणला घर केलं असतंस, तर दोन तासांवर कोणीतरी आपलं असतं. त्यासाठी मी त्या माणसाला आणखी महिनाभर मेलेल्याच्या नावाने खडी फोडायला लावत होते. मला माफ कर, दानियल. मला तोंड दाखवायला जागा नाही.

आता तिसऱ्यांदा जा. तो नाही म्हणाला तरी तू सुटशील, मग ये. पेणच्या बर्फाच्या कारखान्यात मेकॅनिक हवा आहे, मी शब्द टाकून ठेवलाय. माणसं चांगली आहेत, शनिवार देतात.

तुझी,
आत्या

•

तारापूर रस्ता, बोईसर
७ ऑक्टोबर १९६५

ती. मिलकाआत्यास,

तुला मी एप्रिलातच माफ केलं, कार्डावर एका ओळीत लिहिलं होतं. आज सविस्तर लिहितो.

मे महिन्यापासून मी इथे खडीच्या मशीनवर आहे, हे तुला कळवलंच आहे. जिवल्याही इथेच आहे. हजेरीच्या वहीत आता त्याचं नाव जिवल्या आहे. सुका येऊन गिरणीतलं सगळं सांगून गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी जिवल्या स्वतः मुकादमाकडे गेला आणि नाव बदलून घेतलं. पाच महिने आम्ही एकमेकांपासून वीस हातांवर काम करतो. तो माझ्याशी बोलत नाही. मशीन अडलं की लांबून हात करतो.

तू दर पत्रात विचारतेस, तिसऱ्यांदा मागितलीस का. नाही मागितली. दोनदा मागायला जाऊन झालं. तिसऱ्यांदा मागितली आणि तो नाही म्हणाला, की मी सुटलो आणि ओझं त्याच्यावर. वहाणेचा मार त्याने खाल्ला, पळाला तो, नाव गेलं त्याचं, आणि शेवटी पापही त्याचंच? कायदा आजोबांचा आहे, खोटा नसणार. पण मला असं सुटायचं नाही.

काल दारफाळणी होती. मशीनवर सुटी सांगून ठेवली होती. पांढरे कपडे घालून, दार लावून खोलीत बसलो. तूच शिकवलंस, त्या दिवशी आपली दारं बंद, बाहेरच्याशी बोलणंचालणं नाही. एकट्याने जेवढं पाठ होतं तेवढं म्हटलं. तीनच्या सुमारास दारावर थाप पडली. मी हललो नाही. पुन्हा पडली. मग आवाज आला, "दानेलदादा."

मी उठून दार उघडलं.

मशीन बंद पडलं होतं आणि मुकादमाने त्याला मला बोलवायला पाठवलं होतं. मी म्हटलं, आज येता येणार नाही. त्याने माझ्या तोंडाकडे बघितलं. "आजारी हाय?"

"नाही. उपास आहे."

"पानी बी नाय?"

"पाणीही नाही. कालपासून."

तो उंबऱ्याच्या बाहेर उकिडवा बसला. मीही आत खाली बसलो. त्याने विचारलं, कशाचा उपास. मी सांगितलं, वर्षभरात जे चुकलं त्याची देवाकडे माफी मागायचा दिवस. 

"मंग देव माझ्या वाटची बी माफी देतो तुला?"

"नाही. तुझ्या वाटची देव देऊ शकत नाही. ती तुझ्याकडेच आहे."

"माझ्याकडं?" तो म्हणाला. त्याला ते नवीन होतं. आत्या, इतक्या दिवसांत ही गोष्ट मी त्याला सांगितलीच नव्हती, की त्याच्याकडे असं काही आहे, जे शेठकडे नाही आणि देवाकडेही नाही. तो स्वतःच्या हातांकडे बघत होता. मी काही मागितलं नाही. मला फार मागावंसं वाटलं, पण मी ओठ घट्ट मिटून बसलो.

मग तो म्हणाला, "ह्या सालीं नाय देत."

मी मान डोलावली.

"फुडल्या सालीं बी धरशील ह्यो उपास?"

"धरीन."

तो उठला, ढुंगणाची धूळ झटकली. "मंग तवा इचार," म्हणाला, आणि मशीन बंदच राहणार हे मुकादमाला सांगायला गेला.

मी खूप रडलो, आत्या. उपास सुटेपर्यंत रडत होतो, आणि ते दुःखाचं होतं की कशाचं ते मला अजून कळलेलं नाही.

पेणच्या बर्फाच्या कारखान्यातली जागा अजून रिकामी आहे असं तू लिहिलंस. त्यांना दुसरा माणूस बघायला सांग. पुढच्या दारफाळणीला मला इथेच असायला हवं.

तुझा,
दानियल